तव्याच्या डोंगरावरचं बिननावाचं फूल

तवेवाडी, ता. बार्शी
६ जुलै २०२४

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

मी विजयमाला. पुढून तिसऱ्या बाकावर बसणारी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही वर्गासमोर मला म्हणाला होतात, "आता भाकरीची जात ओळखत बस." तीस वर्षं बसले. आता वेगळं काही ओळखायची वेळ आली म्हणून लिहिते आहे.

आमच्या घरामागे डोंगर आहे. माथा काळा, सपाट, म्हणून त्याला सगळे तवाच म्हणतात. वर सलग कातळ, त्याच्या भेगांत चार बोटं माती आणि त्यात कुसळी गवत. शेळ्यांमागे गेले तेव्हा गवताच्या गड्ड्यात एक वेल दिसला, वीतभर उंचीचा. त्याला कंदिलासारखं फूल. तुम्ही आम्हाला कासच्या सहलीत कंदीलपुष्प दाखवलं होतं, त्याच्या जवळचं वाटलं. पण याच वेलाच्या एका फुलाच्या पाकळ्या टोकाला जुळलेल्या होत्या आणि दुसऱ्याच्या उघड्या, हाताची बोटं पसरावीत तशा. तुम्ही शिकवलं होतं तसं पेपरात दाबून, रोज कागद बदलून वाळवलं आहे. सोबत पाठवते.

सासूबाईंना विचारलं. बाळाबाई पंच्याऐंशीच्या आहेत, डोंगरावरचं गवतसुद्धा नावानं ओळखतात. याच्याबद्दल मात्र एवढंच म्हणाल्या, "त्येचं नाव घ्यायचं न्हाय. नाव घेतलं की खाणारा येतो." त्याचा कंद गोड असतो म्हणे, म्हणून असेल.

फोन केला नाही कारण रेंज पाण्याच्या टाकीपाशीच येते, आणि घरातला फोन माझ्या मुलाच्या, सयाजीच्या खिशात असतो. चुकलं असेल तर नेहमीसारखं रागवा.

तुमची विद्यार्थिनी,
विजयमाला


भवानी पेठ, सोलापूर
१३ जुलै २०२४

चि. विजयमाला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट उघडलं आणि चहा गार झाला. दुसरा केला, तोही झाला. पंचाहत्तरीत माणसाला इतकं हलवून सोडू नये.

भाकरीबद्दलचं वाक्य मला आठवत नाही, पण मी म्हणाले असेन. तेव्हा मला फार राग येत असे. माझ्या हाताखालून जी चार डोळस मुलं गेली त्यातली एक चुलीपाशी बसणार, याचा राग होता. तो असा शब्दांत निघायला नको होता.

आता फुलाकडे. रुईच्या कुळातलं आहे, यात शंका नाही. देठाला चीक होता का ते कळव. पुढे मात्र मी अडकले. जुन्या पुस्तकांत पाकळ्यांची टोकं जुळली तर झाड एका घरात टाकतात आणि मोकळी राहिली तर दुसऱ्या. तुझ्या वेलावर दोन्ही आहेत. भिंग घेऊन तीन दिवस बसले, आतले केस मोजले, परागांच्या पिशव्या पाहिल्या. कुठल्याच वर्णनात बसत नाही. नवीन असेल असं मी म्हणत नाही. पण म्हणावंसं वाटतं आहे, आणि माझ्या वयाला ती वाईट सवय.

नमुना पाठवलास, चिठ्ठी पाठवली नाहीस. चिठ्ठीशिवाय नमुना म्हणजे नुसता वाळलेला पाला, हे मी शंभर वेळा सांगितलं होतं. गाव, नेमकी जागा, उताराची दिशा, माती, सोबतची झाडं, तारीख, गोळा करणाऱ्याचं पूर्ण नाव. सगळं तुझ्या अक्षरात लिही. एकदा डकवलेली चिठ्ठी बदलत नाहीत, तेव्हा विचार करून लिही.

तुझी,
सरोजिनीबाई


तवेवाडी
२० जुलै २०२४

आदरणीय बाई,
सा. नमस्कार.

चिठ्ठी सोबत जोडली आहे. चार वेळा लिहून फाडली, पाचवी पाठवते. सोबतच्या झाडांत मी "कुसळी, रानकांदा, आणि दगडाला चिकटलेलं ते मऊ हिरवं, ज्याला बाळाबाई डोंगराची साय म्हणतात" असं लिहिलं आहे. तसं चालतं का? गोळा करणाऱ्याच्या जागी माझं पूर्ण नाव लिहिताना हात जरा थांबला. रेशनकार्ड सोडून असं नाव कुठं लिहिलेलं नाही.

देठाला चीक आहे, पांढरा. वेल मोजले, सगळे मिळून अठरा. माथ्याच्या दक्षिण बाजूला, अंगणाएवढ्या जागेत. बाकी सगळा डोंगर पालथा घातला, कुठं नाही.

एक सांगायचं राहिलं. डोंगराच्या उत्तर अंगाला खडी क्रशर आहे. निम्मा डोंगर खाऊन झाला आहे. आमच्या घरच्या ताटल्यांवर सुद्धा धूळ असते. माझा सयाजी तिथं पोकलेन चालवतो. मालक वरचा माथा मागतो आहे, त्याचे कागद वर गेलेत असं सयाजी म्हणाला. कागद मंजूर झाले की त्यालाच ती दक्षिण बाजू उकरायची आहे. फुलाचं त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

तुमची,
विजयमाला


भवानी पेठ, सोलापूर
२५ जुलै २०२४

चि. विजयमाला,
अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी उत्तम आहे. "डोंगराची साय" तशीच ठेवली. इतकी वर्षं वाचलेल्या चिठ्ठ्यांत इतकी नीट जागा कुणी दाखवली नव्हती. डोळे मिटून जाता येईल.

नमुना कागदावर शिवून कपाटात कुलूपबंद ठेवला आहे. काळजी करू नकोस. क्रशरच्या कागदांबद्दल मी जिल्ह्याच्या ऑफिसात अर्ज देते.

सयाजीला इतक्यात काही बोलू नकोस.

तुझी,
सरोजिनीबाई


तवेवाडी
१ ऑगस्ट २०२४

बाई,

हे पत्र घाईत लिहिते आहे. अक्षराकडे बघू नका.

काल दुपारी मालकाची गाडी दारात आली. तीस वर्षांत ती गाडी आमच्या गल्लीत कधी शिरली नव्हती. मालक उतरला, त्याच्यासोबत चष्म्याचा एक साहेब, हातात फाईल. बाळाबाई ओट्यावर होत्या. त्यांना विचारलं, विजयमाला कोण. मला गावात सयाजीची आई म्हणतात, बाई. माझं नाव त्या माणसाच्या तोंडात आलं कसं?

साहेब गोड बोलला. म्हणाला, "तुम्ही सरोजिनीबाईंच्या विद्यार्थिनी ना? मीसुद्धा." मग हसून म्हणाला, डोंगराची साय हा शब्द फार छान आहे.

तो शब्द मी फक्त तुम्हाला लिहिला होता.

मालक एकच वाक्य बोलला, तेही निघताना, चप्पल घालता घालता. "पोरगं रोज कड्याच्या काठावर मशिन चालवतंय. खालची माती लई भुसभुशीत झालीया. जपा म्हणावं." एवढंच. धमकी म्हणून तक्रार करायला जावं तर त्यात काय आहे? काळजीच आहे की.

तेव्हापासून सयाजी कामावर गेला की मी मशीनचा आवाज ऐकत बसते. थांबला की काळजात धस्स होतं, सुरू झाला की जीव भांड्यात पडतो. आज सकाळपासून चार वेळा थांबला.

बाई, मी हात जोडते. त्या चिठ्ठीवरचं माझं नाव काढा. खोडा, फाडा, काहीही करा. आणि तो चष्म्याचा साहेब कोण आहे ते मला सांगा.

विजयमाला


भवानी पेठ, सोलापूर
५ ऑगस्ट २०२४

चि. विजयमाला,

तुझं पत्र वाचून रविवारी मी तुझ्या घरी फोन लावला. सयाजीने उचलला. मी ठेवून दिला. त्याला काय सांगणार होते?

तो साहेब कोण ते मला नक्की सांगता येत नाही. इतकी मुलं शिकून गेली, कोण कुठे काय करतं मला कसं कळावं.

आता नीट वाच. माझ्या अर्जावर ऑफिसने पाहणी लावली आहे. २१ ऑगस्टला समिती तव्यावर येणार. वेल त्याच्या जागेवर, त्याच्या मातीत, त्याच्या गवतात दिसला तर ती जागा राखता येते. कुंडीतला वेल आणला तर ते नुसतं झाड ठरतं, डोंगर वाचत नाही. त्या वेलांना हात लावू नकोस. कुणाला लावू देऊ नकोस. पाणीसुद्धा घालू नकोस.

नावाचं तू म्हणतेस ते मी करू शकत नाही. चिठ्ठी बदलली तर नमुना खोटा ठरतो. मला माफ कर.

सरोजिनीबाई


तवेवाडी
११ ऑगस्ट २०२४

आदरणीय बाई,
सा. न.

तुमच्याकडून काही आलं नाही. आमचा पोस्टमन येडू नागपंचमीसाठी बहिणीकडे गेला आहे, पत्र त्याच्या पिशवीत असेल तर माहीत नाही. मी थांबू शकले नाही. काय केलं ते सांगते.

बुधवारी सयाजी जेवताना म्हणाला की, पंचमी झाली की माथ्यावर मशीन चढवायची. कागद यायचेत, पण मालक म्हणतो वरची माती तरी साफ करून घेऊ. दक्षिण बाजूपासून. माझ्या हातातली भाकरी तिथंच राहिली.

शुक्रवारी नागपंचमी. तुम्हाला शहरात तितकं वाटत नसेल, पण इथं त्या दिवशी कुणी विळीला हात लावत नाही, तवा ठेवत नाही, आणि मातीत लोखंड घालत नाही. नांगर उभे, खुरपी खुंटीला. मालक कलेक्टरला भीत नाही, पण पंचमीला पोकलेनचा दात मातीत घालायची त्याचीसुद्धा छाती होत नाही. डोंगरावर त्या दिवशी कुणी नसतं. म्हणजे वेल काढायला तोच एक दिवस होता, आणि काढायचे म्हणजे खणायचं.

बाळाबाई दरवर्षी तीच कहाणी सांगतात, नांगराच्या फाळाखाली नागाची पिलं मेली आणि नागीण घरादाराला डसली. मी तीस वेळा ऐकली असेल. बायका झोक्यावर गेल्या तेव्हा मी ताटात दूध आणि लाह्या घेतल्या, वारुळाला जाते म्हणून निघाले. लाह्यांखाली खुरपं होतं.

बाई, मी घामानं भिजले होते. प्रत्येक घावाला सयाजीचं नाव घेत होते, त्याला काही करू नकोस, मला कर. सतरा कंद काढले, त्यांच्याच मातीसकट. अठरावा वेल कपारीत आहे, तिथं एक बीळ आहे, तोंडाशी कात पडली होती. हात पुढे जाईना. तीन वेळा गेले, तीन वेळा मागे आले. दूध तिथं ओतलं आणि पळाले. भित्री म्हणा.

कंद बाजरीच्या मडक्यात लपवले आहेत.

आणि संध्याकाळी सयाजी लंगडत आला. पाय सुजलेला, काळानिळा. काहीतरी टोचलं म्हणाला, काय ते बघितलं नाही. बार्शीला नेईपर्यंत मी गाडीत त्याचा पाय मांडीवर धरून बसले होते आणि मनात म्हणत होते, परत लावते, सगळे परत लावते. डॉक्टरांनी बाभळीचा काटा काढून माझ्या हातात दिला. बोटभर होता. मी तो देवापाशी ठेवला आहे.

तुमची,
विजयमाला


भवानी पेठ, सोलापूर
१४ ऑगस्ट २०२४

चि. विजयमाला,

तुझं पत्र आज आलं. माझं पाच तारखेचं आता तुला मिळालं असेल. म्हणजे तुला कळलं असेल की समिती येते आहे, आणि वेल मात्र मडक्यात आहेत.

ते परत लाव. मला हे लिहिताना लाज वाटते, कारण त्या डोंगरावर मी जाणार नाही, तू जाणार आहेस. पण दुसरा मार्ग मला दिसत नाही.

आणि आता खरं सांगते. नमुना कपाटात नव्हता. मी तुला कुलूपबंद आहे असं लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी तो पृथ्वीराज घेऊन गेला होता. तोच चष्म्याचा साहेब. माझा विद्यार्थी, तुझ्यानंतर चार वर्षांनी. तो खाणींच्या परवानगीसाठी अहवाल लिहितो हे मला माहीत होतं. कुठल्या खाणीचा, हे मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं की पुण्यात तुलना करून देतो, नवीन निघालं तर तुमच्या नावानं छापू. विजयमाला, पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांनी नावं दिलेली झाडं मुलांना शिकवली. एक तरी माझ्या नावानं छापलेलं बघायचं होतं. त्यानं चार दिवसांनी नमुना परत केला. चिठ्ठीचा फोटो काढून घेतला असणार.

तू विचारलंस तेव्हाही मी खोटं लिहिलं. भीती वाटली, तू पत्र बंद करशील याची.

आज मी नवी चिठ्ठी लिहिली आहे. गोळा करणारी म्हणून माझं नाव घातलं आहे. जे विचारायचं ते आता मला येऊन विचारोत. आयुष्यात पहिल्यांदा चिठ्ठी बदलते आहे. तू हो म्हटलंस की जुनी जाळून टाकते.

सरोजिनीबाई


तवेवाडी
२२ ऑगस्ट २०२४

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मी तुमच्यावर मनात ओरडत होते. शेळ्यांनी ऐकलं. तिसऱ्या दिवशी मडकं घेऊन निघाले, कारण रागानं वेल लागत नाहीत.

भर दुपारी गेले. सयाजीच्या पायामुळे रखडलेली मशीन आदल्या दिवशीच माथ्यावर चढली होती, सयाजी आत. मी मडकं पदराखाली धरून उभी राहिले, आता काय होईल ते होवो म्हणून. त्यानं मला बघितलं. मशीन बंद केली नाही, उतरला नाही. फक्त तिचं तोंड उत्तरेकडे फिरवलं आणि तिकडं मोकळाच आवाज करत राहिला, म्हणजे खाली ऑफिसात वाटावं काम चालू आहे. मी सतराही कंद त्यांच्या त्यांच्या भेगांत ठेवले.

काल समिती आली. तीन माणसं, त्यात एक मॅडम, गळ्यात भिंग. मालक होता, पृथ्वीराज होता, निम्मं गाव होतं. मी त्यांना जागा दाखवली, आणि बाई, सगळे वेल माना टाकून पडले होते. सतराच्या सतरा. एकावर फूल नाही.

पृथ्वीराज खाली बसला, बोटानं माती उकरली आणि मॅडमना म्हणाला, माती ताजी आहे. ही झाडं परवा कुणीतरी आणून लावली आहेत, परवानगी अडवायला. गावातले लोक माझ्याकडे बघायला लागले. मॅडमनी वही मिटली. मला वाटलं आता मला खोटारडी म्हणून लिहून घेतील आणि डोंगरही जाईल.

मॅडमनी सहज विचारलं, "न उकरलेली एखादी जागा आहे का?"

मला कपार आठवली. बारा दिवस मी तिकडं फिरकले नव्हते. तिथं त्यांना न्यायचं म्हणजे सगळ्यांदेखत त्या बिळापाशी जायचं. मी नुसता हात केला. मग लोक मागे सरले म्हणून मलाच पुढे व्हावं लागलं. गुडघ्यावर बसले, गवत बाजूला केलं.

तो होता, बाई. दोन फुलं. एक मिटलेलं, एक उघडं, एकाच देठावर. बुडाशी डोंगराची साय अखंड, खरवडलेली सुद्धा नाही. मी ज्याला हात लावायला भ्याले तेवढाच उरला होता. मॅडम पोटावर झोपून अर्धा तास भिंगातून बघत होत्या. उठल्या तेव्हा कपड्यांची पर्वा नव्हती त्यांना. म्हणाल्या, निर्णय होईपर्यंत माथ्यावर मशीन चढवायची नाही, तसं लेखी देते.

मग त्यांनी वही उघडली आणि विचारलं, हे पहिल्यांदा कुणी बघितलं?

मालक माझ्याकडे बघत नव्हता. तो सयाजीकडे बघत होता. बाळाबाई माझा दंड धरून हळूच म्हणाल्या, "नगं घेऊ नाव." फुलाचं म्हणत होत्या की माझं, मला कळलं नाही.

मी माझं पूर्ण नाव सांगितलं. वडिलांचं, नवऱ्याचं, आडनावासकट. मॅडमना दोनदा विचारावं लागलं, इतकं हळू सांगितलं.

सयाजीला संध्याकाळीच कामावरून काढलं. तो मोहोळला मित्राकडे ट्रॅक्टरवर जाईल म्हणतो. मालकाची गाडी आज सकाळी दारावरून दोनदा गेली, थांबली नाही. थांबली असती तर बरं झालं असतं असं वाटतं. दाराला आतून कडी लावून हे लिहिते आहे. भीती गेली असं तुम्हाला लिहावंसं वाटत होतं, पण ती गेलेली नाही, आणि आपल्यात आता खोटं नको.

फुलाचं नाव काय ठेवायचं ते तुम्ही आणि मॅडम बघा.

जुनी चिठ्ठी जाळू नका. नवी जाळा. माझं नाव आहे तिथं राहू दे.

तुमची विद्यार्थिनी,
विजयमाला